तारीख मोकळी ठेवलेलं ताट

मी झाकण बोलतोय.

तसा जन्मानं मी ताट. पण ताट म्हणून माझ्यात आजपर्यंत एकही माणूस जेवलेला नाही. अकरा वर्षं मी मटणाच्या पातेल्यावर बसून काढली. माझ्याखाली किती बोकड शिजले ते मी मोजलं नाही, मोजूही नये. चव मात्र मला एकाही फोडीची माहीत नाही. मला फक्त वाफ माहीत आहे.

माझ्या आतल्या काठावर अर्ध्या गोलात अक्षरं कोरलेली आहेत. 'कै. गेणबा महिपती सपकळ यांच्या स्मरणार्थ. दि.' आणि त्याच्यापुढं बोटभर मोकळी जागा. ती जागा मोकळी आहे, कारण कैलासवासी गेणबा महिपती सपकळ आत्ता अंगणात बसून पायाची नखं काढतायत.

हे कसं झालं ते सांगतो.

चौदा वर्षांपूर्वी गेणबांचा चुलतभाऊ झुंबर भिगवणला वारला. आमच्या भागात तेराव्याला आलेल्या पाहुण्यांना भांडं वाटायची पद्धत आहे. कुणी तांब्या देतं, कुणी ताट. झुंबरच्या पोरांनी ताटं दिली. गेणबा ते ताट भवानीनगरजवळच्या आपल्या वस्तीवर घेऊन आले आणि संध्याकाळी त्यातच जेवायला बसले. गरम भाकरी ताटात पडली आणि ताट 'टण्ण' करून फुगलं. गेणबा दचकले. भाकरी उचलली, तर ताट पुन्हा 'टण्ण' करून खाली बसलं.

"झुंबऱ्या जित्ता असताना बी असाच जेवताना मधी मधी बोलायचा," गेणबा म्हणाले. पण त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच विचार. आपण गेल्यावर आपल्या नावाचं ताट असंच लोकांच्या घरी टण्ण टण्ण करत बसणार.

पुढच्या आठवड्यात ते एसटीनं बारामतीला गेले. भांड्याच्या दुकानात त्यांनी सकाळपासून दुपारपर्यंत ताटं नखानं वाजवून बघितली. शेवटी मी वाजलो. जाड पत्रा, दुमडलेला काठ, दोन बोटं खोली. गेणबांनी कान लावून माझा आवाज मरेपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "ह्यातली एकशे एक द्या. नाव घालून."

नाव घालणाऱ्यानं मशीन चालू केलं. "तात्या, वारले कधी?"

"अजून न्हाय."

मशीन थांबलं. "कोण?"

"मीच की."

"मग तारीख काय घालू?"

"जागा मोकळी ठेव. पोरगं घालून घेईल. गुणाचं हाय माझं पोरगं. पर पत्र्याची जाडी बघत न्हाय."

असा माझा जन्म झाला. माणसाच्या आधी त्याची आठवण तयार.

टेम्पोतून आम्ही एकशे एक जण घरी आलो तेव्हा गेणबांची बायको मुक्ताबाई दारात धान्य निवडत होती. तिला वाचता येत नव्हतं. पण गेणबांनी सगळं वाचून दाखवलं, अगदी कौतुकानं.

"अवं, आपल्याच तेराव्याची ताटं?" ती उठून उभी राहिली. "कुणी सांगितलं हे धंदे?"

"अगं, वाजवून तर बघ."

तिनं वाजवून बघितलं. "वाजतंय बरं," ती म्हणाली. "पर ह्यात कुणी जेवायचं न्हाय. हात बी लावायचा न्हाय."

मग आम्हाला वर्तमानपत्रात गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकलं. दोन वर्षं आम्ही तिथं होतो. एकशे एक भावंडं आणि सगळ्यांचं नाव एकच. एकमेकांना हाक मारायचीसुद्धा सोय नव्हती.

मला खाली आणलं ते एका जावळाच्या कार्यक्रमानं. शेजारच्यांनी मुक्ताबाईचं मटणाचं पातेलं झाकणासकट नेलं. परत आलं तेव्हा पातेलं आपलं होतं, झाकण दुसऱ्याचं. रविवारी तिनं ते पातेल्यावर ठेवलं आणि ते रश्श्यात बुडालं. चिमट्यानं काढेपर्यंत त्याच्या सगळ्या अंगाला मसाला लागला होता.

मुक्ताबाईनं पदर खोचला, स्टूल ओढलं आणि माळ्यावर हात घातला. मी सगळ्यात वर होतो. तिनं मला पातेल्यावर ठेवलं. तंतोतंत बसलो. नवरी-नवऱ्याच्या पत्रिकाही इतक्या जुळत नसतील.

गेणबा ओरडत आले. "अगं, एकशे एकातलं एक कमी हुईल की!"

"मग एका माणसाला कमी बोलवा."

"कुणाला?"

"त्यावेळी म्या बघीन कुणाला ते."

ती बघेल असंच सगळ्यांना वाटत होतं. तिलाही.

पण मला चुलीवर ठेवायच्या आधी तिनं एक काम केलं. नात श्रेया तेव्हा आठ वर्षांची होती. नवीन नवीन वाचायला शिकलेली, दिसेल ते मोठ्यानं वाचायची, किराणा दुकानाच्या पिशवीपासून एसटीच्या पाटीपर्यंत. मुक्ताबाईनं तिला हळूच मागच्या अंगणात नेलं.

"बाळा, ह्यातलं वंगाळ अक्षर कुठलं गं?"

श्रेयानं बोट ठेवलं. "हे पहिलं, आज्जी. कै."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं आबा."

मुक्ताबाईनं त्या पहिल्या अक्षरावरून अंगठा फिरवला. पिठाचा होता अंगठा. अक्षर पांढरं झालं. "बरं," ती म्हणाली, आणि मला धुऊन टाकलं.

त्या दिवसापासून माझे रविवार सुरू झाले.

घरात गॅस होता, कुकर होता, पण मटण मागच्या छपरात चुलीवरच व्हायचं. गेणबा सकाळी सातला भवानीनगरला जायचे. खाटकाला सांगायचे, "पुढच्या पायाचं दे." घरी येऊन बायकोला सांगायचे, "फसवलं त्यानं." हे अकरा वर्षं न चुकता. खाटीक तोच. पिशवीही तीच.

मुक्ताबाई आधी तेलात कांदा परतायची. मग आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, हळद, मीठ आणि मटण. परतून परतून मटणाचा रंग बदलला की मला वर ठेवायची आणि माझ्यात गार पाणी ओतायची. खाली मटणाला त्याचं स्वतःचं पाणी सुटायचं. त्याची वाफ वर येऊन माझ्या गार बुडाला लागायची आणि थेंब होऊन पुन्हा मटणात पडायची. वर माझ्यातलं पाणी हळूहळू तापायचं, आटायचं. मग तेच गरम पाणी ती पातेल्यात ओतायची. गार पाणी एक थेंब नाही. गार पाणी पडलं की मटण घाबरतं आणि आखडून बसतं, असं ती म्हणायची.

मग बिनतिखटाचं अळणी तयार. त्यातली वाटीभर श्रेयाला. मग निखाऱ्यावर भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, घरचं काळं तिखट. तिथून पुढं वाफेचा रंग बदलायचा. वाफेला रंग असतो. आयुष्यभर वाफेवर बसलेल्यालाच तो दिसतो.

या अकरा वर्षांत मी माणसं पाहिली ती अशी, मला उचलताना. मटण शिजलं का, हे बघायची या घराला फार काळजी. मुलगा युवराज कारखान्यात नोकरीला आहे, तिथं काय तपासतो माहीत नाही, पण इथं चार-चार वेळा तपासणी करायचा. प्रत्येक तपासणीला एक फोड. "अजून जरा कच्चं वाटतंय," असं तोंड पुसत म्हणायचा. पाहुण्यांमध्ये एक जात असते, ती म्हणते, "आपल्याला काय, नुसता रस्सा बास." अशा माणसाची नजर कायम नळीवर असते. मी वरून बघितलेलं आहे.

आणि गेणबा. गेणबा प्रत्येक रविवारी तीन गोष्टी बोलायचे. पहिला घास घेतला की, "मीठ कमी हाय." दुसऱ्या घासाला, "तिखट बी कमी हाय." आणि तिसऱ्याला, "मागच्या खेपेला बरं झालतं." मग चार भाकऱ्या चुरून खायचे. मुक्ताबाई मान वर न करता म्हणायची, "मागच्या खेपेला बी हेच म्हनलासा."

आता मुद्द्यावर येतो. पाणी.

माझ्यात पाणी किती ओतायचं, याचं मुक्ताबाईकडं माप होतं. माप म्हणजे नवऱ्याचं नाव. नाव बुडेपर्यंत पाणी ओतायचं. चूल पुढच्या बाजूला जरा उतरती होती. ती मला असं फिरवून ठेवायची, की पहिलं अक्षर खाली, चुलीच्या तोंडाकडं यायचं आणि मोकळी जागा मागं, वर. पाणी आटायला लागलं की मागून एकेक अक्षर वर यायचं. आधी स्मरणार्थ. मग सपकळ, मग महिपती, मग गेणबा. गेणबा पूर्ण वर आले, की ती पटकन मला दोन्ही हातांनी उचलायची आणि राहिलेलं पाणी पातेल्यात ओतायची. पहिलं अक्षर पाण्याबाहेर यायच्या आत. त्या पाण्यात मटण बोटानं तुटेल इतकं मऊ आणि रस्सा ना घट्ट ना पातळ.

नवरा-बायकोचं भांडण झालेलं असलं तर ती नाव बुडाल्यावर वर आणखी जरा ओतायची. म्हणायची, "बसा आता आत." त्या रविवारी नाव वर यायला उशीर लागायचा आणि मटणाचा पार भुगा व्हायचा. युवराज आईला म्हणायचा, "आज काय झालं गं?" झालेलं शुक्रवारी असायचं.

सून वृषाली सगळं बघून शिकत होती. हुशार पोरगी. वाटण जमलं, भाजणं जमलं, तिखट तर सासूपेक्षा चांगलं करायला लागली. एकदा तिनं विचारलं, "आत्या, ताटात पाणी कितपर्यंत वतायचं?"

गेणबा समोर बाजेवर बसलेले. त्यांना ऐकू चांगलं यायचं, दिसायचं कमी. आपलं नाव दर रविवारी बुडवतात हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला उचलून पुन्हा माळ्यावर नेलं असतं. आणि लग्नात उखाणा घेतला तो घेतला, त्यानंतर मुक्ताबाईच्या तोंडून नवऱ्याचं नाव कधी निघालं नव्हतं. मग नावाचं माप सांगायचं कसं?

"बघून घे की," ती म्हणाली.

वृषालीनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा गेणबा घरात नव्हते. मुक्ताबाई लाजली. साठी उलटलेली बाई, पदर तोंडात धरून हसली. "जा गं. मला न्हाय सांगता येत."

वृषालीनं तिसऱ्यांदा विचारलं नाही. तिचा चेहरा उतरला ते मी बघितलं. मुक्ताबाईची पाठ होती, तिनं बघितलं नाही.

मागच्या माघात मुक्ताबाई आजारी पडली. बारामतीच्या दवाखान्यात पाच दिवस होती. जाताना चालत गेली. येताना चार माणसांनी आणली.

मी पातेल्यावर पालथा पडून होतो. घरात चूल पेटत नव्हती. माणसं यायची, बसायची, जायची. गेणबांनी सगळं ठरवून ठेवलं होतं. ताटं, जाडी, मजकूर. फक्त आधी कोण जाणार, हे ठरवायचं राहिलं होतं.

तेराव्याला युवराजनं ताटं आणली. गडबडीत जी मिळाली ती. त्यावर मुक्ताबाईचं नाव होतं. गेणबांनी एक उचललं आणि नखानं वाजवलं.

टण्ण.

त्यांनी माळ्याकडं बघितलं. मग हातातल्या ताटाकडं बघितलं. "वरच्या ताटांवर माझं नाव हाय," ते म्हणाले. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर ते मागच्या छपरात आले. मला उचललं, राखेनं घासलं, आयुष्यात पहिल्यांदा. बुडाचा काळपट-निळा डाग काही गेला नाही. मग मला वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः स्टुलावर चढले आणि माळ्यावर ठेवलं. "झाली एकशे एक," म्हणाले.

माळ्यावर भावंडांनी मला ओळखलं नाही. त्यांच्या अंगाला अजून दुकानाचा वास होता. माझ्या अंगाला काळ्या तिखटाचा. मी त्यांना खालच्या जगाबद्दल सांगायचा प्रयत्न केला. रविवार म्हणजे काय हे ज्यानं रविवार बघितला नाही त्याला सांगता येत नाही.

खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. वास यायचा. वृषाली मटण करायची आणि मला वरून वासावरून कळायचं, आज पाणी जास्त झालं, आज कमी. ती गरम पाणी पेल्यानं मोजायची, तांब्यानं मोजायची. कुकर सोडून चुलीवरही करून बघितलं, दुसरं झाकण ठेवून. जमत नव्हतं. वाईट नव्हतं, पण ते मटण कुणाच्याही घरचं असू शकत होतं.

पहिल्या रविवारी गेणबा दोन घास खाऊन म्हणाले, "चांगलं झालंय."

युवराजच्या हातातली भाकरी हातातच राहिली. अकरा वर्षांत त्या माणसाच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता.

पुढच्या रविवारीही तेच. "चांगलं झालंय." अर्धी भाकरी, आणि उठले. नंतर रविवारचं भवानीनगरला जाणंही बंद झालं. पायजम्याची नाडी कमरेला दोनदा गुंडाळायला लागली. श्रेया आता बारामतीला कॉलेजात आहे, तिनं आबांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, फक्त जेवत नाहीत. हे सगळ्यांना आधीच माहीत होतं.

एका दुपारी वृषाली माळ्याखाली उभी राहून रडली. युवराज पाणी प्यायला आला होता.

"आत्यांनी मला समदं दिलं," ती म्हणाली. "पाटल्या दिल्या. पाण्याचं तेवढं न्हाय सांगितलं. दोनदा इचारलं म्या. एकवीस वर्सं झाली मला ह्या घरात, शेवटपत्तोर परकीच धरली."

"अगं, आई तसली नव्हती."

"मग का न्हाय सांगितलं? आता हे माणूस माझ्या डोळ्यादेखत वाळत चाललंय. उद्या लोक म्हनतील, सुनंनं उपाशी मारला."

युवराज पेला ठेवून बाहेर गेला. उत्तर माझ्याकडं होतं. मी वर होतो, हातभर अंतरावर. पण झाकणाला लोकांनी तोंड बंद ठेवायलाच आणलेलं असतं.

वर्ष होत आलं. वर्षश्राद्धाच्या आधीच्या रविवारी गेणबा सकाळी उठून म्हणाले, "माळ्यावरची ताटं खाली काढा. वाटायची हायती."

"आबा," युवराज म्हणाला, "ती तुमच्या नावाची हायती."

"मग काय झालं? जाड हायती. तिच्या तेराव्याला पातळ गेली."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांचं म्या बघतो."

वृषाली आणि श्रेया अंगणात बसून एकेक ताट पुसायला लागल्या. शंभर ताटं आरशासारखी. मग मी आलो. बूड निळं-काळं, काठ धुरकट. वृषालीनं मला ओळखलं. तिनं मला मांडीवर घेतलं आणि ओल्या फडक्यानं आतून पुसायला लागली.

"हे जात न्हाय गं," ती श्रेयाला म्हणाली. "क्षार बसलाय."

आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. अकरा वर्षांच्या पाण्यानं माझ्या काठावर दोन पांढऱ्या रेघा उमटवल्या होत्या. मुक्ताबाई सगळं ताट लख्ख घासायची. त्या रेघांना मात्र हात लावायची नाही. वरची रेघ सगळ्या नावाच्या वरून, बारीक दोऱ्यासारखी. खालची तिरकी. ती स्मरणार्थच्या खालून, सपकळच्या खालून, गेणबाच्या खालून गेली होती आणि पहिल्या अक्षराच्या अलीकडं एकदम वर चढली होती. ते एक अक्षर रेघेच्या खाली राहिलं होतं.

श्रेयानं मान वाकडी केली. "आई, ही पाण्याची रेघ आहे. इथपर्यंत पाणी भरायचं. आणि ही दुसरी, इथपर्यंत आटवायचं."

वृषाली बघत राहिली. मग तिनं नावावरून बोट फिरवलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! आबांचं नाव! नाव बुडवायच्या त्या. आन् आबा समोर बसायचे! कशा सांगतील मला? तोंडानं नाव तरी घेतील का?" ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "लाजल्या होत्या माझ्यापुढं. म्या समजले लपवत्यात."

श्रेयाचं बोट त्या पहिल्या अक्षरावर थांबलं होतं. "आई, आज्जीनं मला एकदा विचारलं होतं, यातलं वाईट अक्षर कुठलं म्हणून. मी हे दाखवलं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "हे ती कधी पाण्याच्या वर येऊच द्यायची नाही."

वृषालीनं युवराजला हाक मारली. "उठा. मटण आणा. पुढच्या पायाचं."

चूल पेटली. मी पुन्हा पातेल्यावर बसलो. वर्षभरानं खालून पहिली वाफ लागली तेव्हा मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडं शब्द नाहीत. भांड्याला जे होतं ते झालं, थोडा घाम आला.

वृषाली पाणी ओतत होती तेवढ्यात गेणबा आले. चूल पेटलेली बघून आले असतील. अगदी जवळ येऊन वाकले.

"हे माझं ताट न्हवं का? काय करायलीस?"

"नाव बुडवतीया तुमचं," वृषाली म्हणाली.

"का गं?"

"मला कशापायी इचारता? आत्यांनी अकरा वर्सं बुडवलंय. रश्श्याचं माप हाय ते."

गेणबा चुलीपुढं बसले. माझ्यातलं पाणी थरथरत होतं आणि त्यांचं नाव तळाशी हलत होतं. पाणी आटायला लागलं.

"आलो का वर?" त्यांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"स्मरणार्थ आलंय," श्रेया म्हणाली.

"ते राहू दे. मी?"

"सपकळ आलं. महिपती पण आले."

"बाप आधी येणारच. फुडं बघ."

"आला, आबा. तुम्ही आलात. पूर्ण."

"आन् पयलं अक्षर?"

"ते पाण्यात आहे."

"मग वत की लवकर," गेणबा सुनेला म्हणाले. "ती थांबायची न्हाय."

वृषालीनं दोन्ही हातांनी मला उचललं आणि ओतलं.

जेवायला सगळे एकदमच बसले. कुणी घास घेत नव्हतं. गेणबांनी भाकरी चुरली, रस्सा ओतून घेतला, पहिला घास तोंडात घातला आणि चावत राहिले. वृषालीनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"मीठ कमी हाय," गेणबा म्हणाले.

युवराजनं डोळे मिटले. "आन् तिखट, आबा?"

"तिखट बी कमी हाय." तिसरा घास घेतला. "मागच्या खेपेला..." आणि ते थांबले. टॉवेलनं नाक पुसलं. मग ताट पुढं सरकवून म्हणाले, "भाकरी हाय का अजून?"

होती. वृषालीनं त्या दिवशी जरा जास्तच केल्या होत्या.

वर्षश्राद्धाला शंभर ताटं वाटली. गेणबा स्वतः दारात उभे राहून देत होते. झुंबरची बायको छबूबाई भिगवणहून आली होती. तिनं ताट घेतलं, नातवाकडून वाचून घेतलं आणि गेणबांकडं वर-खाली बघितलं.

"भावजी, तुमी तर हायसा की!"

"हाय. वाजवून बघा."

तिनं वाजवलं. "पर हितं तारीख न्हाय."

"मी गेल्यावर ज्याची त्यानं घालून घ्या. तेवढ्यासाठी पुन्हा कुणी हेलपाटा घालायचा न्हाय."

शेवटी एक पाहुणा ताटाविना राहिला. युवराज आत येऊन म्हणाला, "आबा, एक कमी पडलं. ते चुलीवरचं देऊ का?"

"न्हाय," गेणबा म्हणाले. "एक माणूस जास्त बोलावलं तुमी."

म्हणून मी इथं आहे. शंभर भावंडं भिगवणपासून बारामतीपर्यंत घरोघरी गेली. त्यांच्यात लोक जेवतात. त्यांना भाकरीची चव कळली असेल, मला नाही. पण त्यांना नाव वर येण्याची वाट बघत बसलेली माणसं दिसत नसतील.

एक मागणं आहे. गेणबा एक दिवस जातीलच. नखं काढून झाली, आता ते मिशी कातरतायत, म्हणजे इतक्यात नाही. पण जातील तेव्हा कुणीतरी मला बारामतीला नेईल आणि म्हणेल, यावर तारीख घाला.

घालू नका. ती जागा मोकळी राहू द्या. रविवारी मला चुलीवर ठेवा, उतार पुढं करून. नाव बुडेपर्यंत पाणी ओता. आणि गेणबा वर आले, की ते पहिलं अक्षर पाण्यात असतानाच मला उचला.